फिल्मवरचे ठिपके मोजणारा डॉक्टर

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास साउथ वेल्सच्या कोळसा खाणींत एक विचित्र स्थिती निर्माण झाली होती. खाणीत कोळशाची धूळ श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसे खराब होतात, हे ब्रिटिश सरकारने अखेर १९४३ मध्ये मान्य केले. त्याआधी भरपाई मिळे ती फक्त दगडाच्या धुळीमुळे होणाऱ्या सिलिकोसिसला. कोळशाची धूळ निरुपद्रवी असते, इतकेच काय ती क्षयरोगापासून बचाव करते, असे मानणारे डॉक्टरही होते. नवा नियम आला आणि हजारो खाणकामगार तपासणीला येऊ लागले. छातीच्या एक्स-रेवर धुळीचे ठिपके दिसले, की सरकारी वैद्यकीय मंडळ प्रमाणपत्र देई. प्रमाणपत्र हाती आले की भरपाई सुरू होई, पण त्याबरोबर खाणीतले कामही सुटे. त्या अरुंद दऱ्यांमध्ये खाण सोडून दुसरा धंदा नव्हता. त्यामुळे चाळिशीतली धडधाकट दिसणारी माणसे घरी बसली.

म्हणजे एका काळ्या-पांढऱ्या फिल्मवर किती ठिपके आहेत, यावर एका घराची भाकरी ठरत होती. ठिपके नाहीत असे डॉक्टर म्हणाले तर भरपाई नाही, आणि आहेत असे म्हणाले तर काम नाही. मग ठिपके आहेत की नाहीत हे ठरवणारे डॉक्टर आपसात कितपत सहमत होते? हा प्रश्न गांभीर्याने घेणाऱ्यांत आर्ची कॉक्रेन हे एक होते. आज त्यांचे नाव घेतले जाते ते पुराव्यावर आधारित वैद्यकाचे एक जनक म्हणून. त्यांच्या नावाची संस्था जगभरातील औषध-चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पडताळते. पण हा माणूस घडला तो धुळीने भरलेल्या फुप्फुसांच्या एक्स-रेंपुढे बसून.

आर्चिबाल्ड लेमन कॉक्रेन यांचा जन्म १२ जानेवारी १९०९ रोजी स्कॉटलंडमधील गॅलाशील्स या गावी झाला. घरचा लोकरी कापडाचा मोठा व्यवसाय होता. ते आठ वर्षांचे असताना, १९१७ मध्ये, वडील पहिल्या महायुद्धात गाझाच्या लढाईत मारले गेले. मुलगा हुशार निघाला आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधून नैसर्गिक विज्ञानात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. काही काळ प्रयोगशाळेत काढला, मग एका खाजगी शारीरिक तक्रारीवर उपाय शोधत ते मनोविश्लेषक थिओडोर राइक यांच्याकडे बर्लिन, व्हिएन्ना आणि हेग अशा शहरांत फिरले. तक्रार बरी झाली नाही. जर्मन भाषा मात्र चांगली आली आणि ती पुढे उपयोगी पडली. हिटलरचा उदयही त्यांनी जवळून पाहिला. १९३४ मध्ये लंडनला वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि दोनच वर्षांत ते अर्धवट टाकून स्पेनच्या यादवी युद्धात रुग्णवाहिकेच्या पथकाबरोबर गेले. साउथ वेल्सच्या दऱ्यांतूनही अनेक खाणकामगार त्याच युद्धात लढायला गेले होते. कॉक्रेन परत आले आणि १९३८ मध्ये डॉक्टर झाले.

तीन वर्षांनी ते युद्धकैदी होते. १९४१ च्या जूनमध्ये क्रीट बेटावर जर्मनांनी त्यांना पकडले आणि ग्रीसमधील सलोनिका येथील छावणीत ठेवले. जेवण अपुरे होते, औषधे जवळजवळ नव्हती आणि हजारो कैद्यांमध्ये कावीळ, विषमज्वर, घटसर्प यांचा सुळसुळाट होता. शेकडो माणसे दगावतील अशी त्यांची अटकळ होती. पुढे त्यांनी नोंदवल्याप्रमाणे मृत्यू झाले फक्त चार, आणि त्यांतले तीन पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी. आपण काही दिले म्हणून माणसे जगली, असा दावा करायला त्यांना जागाच उरली नाही. डॉक्टरच्या औषधाशिवायही शरीर किती सावरते, हे त्यांनी तिथे पाहिले आणि ते विसरले नाहीत. याच छावणीत पायांना सूज आलेल्या वीस कैद्यांचे दोन गट करून त्यांनी एका गटाला यीस्ट आणि दुसऱ्याला क जीवनसत्त्व दिले. यीस्टच्या गटाची सूज उतरू लागली. त्या आकड्यांच्या जोरावर त्यांनी जर्मन अधिकाऱ्यांकडून जास्त यीस्ट मिळवले. शास्त्रीय दृष्टीने तो प्रयोग कच्चा होता, हे ते स्वतःच पुढे सांगत.

नंतर त्यांना जर्मनीतील एल्स्टरहॉर्स्ट येथे क्षयरोगी कैद्यांच्या रुग्णालयात नेले. तिथे एक सोव्हिएत कैदी रात्री वेदनेने ओरडत होता. कॉक्रेन यांनी छाती तपासली आणि फुप्फुसाच्या आवरणाला सूज आल्याचे निदान केले. मॉर्फिन नव्हते. रशियन भाषाही येत नव्हती. शेवटी ते पलंगावर बसले आणि त्या माणसाला जवळ घेतले. ओरडणे जवळजवळ लगेच थांबले आणि काही तासांनी तो शांतपणे गेला. वेदना फुप्फुसाच्या आवरणाची नसून एकटेपणाची होती आणि आपले निदान चुकले, याची त्यांना लाज वाटत राहिली. छावणीत क्षयावर कोणता उपचार करायचा याची मुभा त्यांना होती, पण त्यांतला कोणता उपयोगी आहे हे सांगणारा पुरावा कुठेच नव्हता. फुप्फुसाभोवती हवा भरायची का, विश्रांती किती द्यायची, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर चाललेले होते. आपण केलेल्या उपचारांनी काहींचे आयुष्य उलट कमी झाले असेल, ही शंका त्यांनी आयुष्यभर बाळगली.

युद्ध संपल्यावर ते लंडनच्या स्कूल ऑफ हायजिनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडे संख्याशास्त्र शिकले. मग अमेरिकेत फिलाडेल्फियाला एक वर्ष क्षयरुग्णांचे एक्स-रे पाहण्यात गेले. तिथे एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. एकच फिल्म दोन तज्ज्ञांना दाखवली तर उत्तरे वेगळी येतात. तीच फिल्म त्याच तज्ज्ञाला काही आठवड्यांनी पुन्हा दाखवली, तरी उत्तर वेगळे येऊ शकते. अमेरिकेत त्या काळी यावर मोजमाप सुरू झाले होते. बहुतेक डॉक्टरांना हा अपमान वाटे. कॉक्रेन यांना तो अभ्यासाचा विषय वाटला.

१९४८ मध्ये ते कार्डिफजवळच्या लँडॉक रुग्णालयातील न्यूमोकोनिओसिस संशोधन केंद्रात रुजू झाले. प्रमुख होते चार्ल्स फ्लेचर. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिनचे इंजेक्शन पहिल्यांदा एका आजारी पोलीस शिपायाला टोचणारे तरुण डॉक्टर ते हेच.

न्यूमोकोनिओसिस म्हणजे धूळ साठून होणारा फुप्फुसाचा आजार. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात. पाच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून लहान, थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. धुळीने भरलेल्या पेशी सूक्ष्म श्वासनलिकांभोवती साचतात, तिथे काळे डाग होतात, आजूबाजूला जखमेच्या व्रणासारखी तंतुमय ऊती तयार होते. हा साधा न्यूमोकोनिओसिस. एक्स-रेवर तो बाजरीच्या दाण्यांएवढ्या ठिपक्यांसारखा दिसतो. काही माणसांत हे ठिपके एकत्र येऊन फुप्फुसाच्या वरच्या भागात मोठाले गोळे बनतात. एक सेंटिमीटरहून मोठी छाया दिसली की त्याला प्रोग्रेसिव्ह मॅसिव्ह फायब्रोसिस, थोडक्यात पीएमएफ म्हणतात. तो गोळा धूळ थांबल्यावरही वाढत राहतो, आजूबाजूचे फुप्फुस ओढून घेतो, आणि मग माणसाला दोन पायऱ्या चढणे जड जाते. यावर तेव्हाही औषध नव्हते आणि झालेला व्रण मिटवणारे औषध आजही नाही.

म्हणूनच सगळी भिस्त आधीच ओळखण्यावर होती, आणि ओळखण्याचे साधन होते एक्स-रे. केंद्रातल्या मंडळींनी काढलेला तोडगा ऐकायला साधा आहे. शब्दांत वर्णन करणे सोडून द्यायचे. सौम्य, मध्यम, बराच अशा विशेषणांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात निराळा असतो. त्याऐवजी ठिपक्यांच्या दाटीनुसार शून्य ते तीन असे वर्ग करायचे आणि प्रत्येक वर्गाची एक नमुना फिल्म ठरवायची. वाचणाऱ्याने समोरची फिल्म नमुन्याशेजारी लावायची आणि ती कोणाशी जुळते एवढेच सांगायचे. मग त्याच फिल्म पुन्हा, वेगळ्या क्रमाने, वेगळ्या डॉक्टरांना द्यायच्या आणि मतभेद किती ते मोजायचे. कॉक्रेन, फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५१ मध्ये यावर लिहिलेल्या निबंधाचे शीर्षक दोन राष्ट्रांमधल्या तहाची आठवण करून देणारे, फ्रेंच भाषेत होते. डॉक्टरांमधला तह म्हणायला हरकत नाही.

याच विचाराच्या आधारावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची वर्गवारी १९५० मध्ये आणि पुढे १९५८ मध्ये आकाराला आली. साठच्या दशकात तिच्यात आणखी एक भर पडली. वाचणाऱ्याने ठरवलेल्या वर्गाच्या पुढे तिरपी रेघ मारून, दुसरा कोणता वर्ग मनात आला होता तोही लिहायचा. एक आणि शून्य असे लिहिले तर वर्ग एक ठरवला, पण शून्याचाही गंभीरपणे विचार केला होता, असा अर्थ. डॉक्टरची शंका अशी अधिकृत नोंदीत येणे वैद्यकात दुर्मीळ आहे. जगभर आजही धुळीच्या आजाराचा एक्स-रे याच पद्धतीने वाचला जातो.

आता मोठा प्रश्न होता पीएमएफचा. एकाच खाणीत तेवढीच वर्षे काढलेल्या दोघांपैकी एकाच्या फुप्फुसात गोळा होतो आणि दुसऱ्याच्या होत नाही, हे कसे? कार्डिफचे विकृतिशास्त्रज्ञ जेथ्रो गॉफ यांचे मत होते की धुळीने भरलेल्या फुप्फुसात क्षयाचा संसर्ग झाला की गोळा बनतो. तसे असेल तर क्षय आटोक्यात आणून पीएमएफ रोखता येईल. हे पडताळण्यासाठी कॉक्रेन यांनी दोन दऱ्या निवडल्या. ऱ्होंडा फाख या दरीत क्षयाचा प्रत्येक रुग्ण शोधून वेगळा ठेवायचा आणि त्यावर उपचार करायचे; शेजारच्या ॲबरडेर दरीत नेहमीसारखे चालू द्यायचे. काही वर्षांनी दोन्हीकडे पीएमएफचे नवे रुग्ण किती झाले ते मोजायचे.

हे करायचे तर दरीतल्या सगळ्यांचे एक्स-रे हवेत. जो येतो त्याचा घ्यायचा, हे कॉक्रेन यांना चालण्यासारखे नव्हते. न येणारी माणसे हीच बहुधा वेगळी असतात. फार आजारी, फार घाबरलेली, किंवा प्रमाणपत्र मिळून काम जाईल म्हणून लपणारी. म्हणून १९५० मध्ये घरोघरी जाऊन शिरगणती झाली. खाणकामगारांच्या संघटनेला विश्वासात घेतले गेले. ज्यांना चालवत नव्हते त्यांच्यासाठी मोटारी पाठवल्या. या दरीच्या वरच्या टोकाला असलेल्या मार्डी गावाला लोक लिटल मॉस्को म्हणत, इतके ते डावे. वरून आलेल्या डॉक्टरवर सहज विश्वास ठेवणारे ते नव्हते. तरीही खाणकामगार आणि माजी खाणकामगार यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांचे एक्स-रे झाले. सर्वेक्षणाला आलेल्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर नेणे ही पुढे कॉक्रेन यांची ओळखच बनली. आकडेवारी कितीही सफाईने मांडा, मोजायची माणसेच निसटली असतील तर तिला किंमत नाही, असे ते मानत.

प्रयोगाचे उत्तर मात्र स्वच्छ आले नाही. मधल्या काळात क्षयावरची नवी औषधे आली आणि ती दोन्ही दऱ्यांत वापरली जाऊ लागली. तुलना पुसट झाली. क्षय कमी होऊनही पीएमएफ त्या प्रमाणात कमी झाल्याचे दिसले नाही, म्हणून क्षयाचे गृहीतक दुबळे पडले. पण शोधायला गेले एक आणि सापडले दुसरे. ज्यांच्या एक्स-रेवर वर्ग शून्य किंवा एक होता, त्यांच्यात पीएमएफ अगदी क्वचित उद्भवला. वर्ग दोन आणि तीनमध्ये तो कितीतरी अधिक होता. म्हणजे धुळीचा साठा एका मर्यादेपुढे गेला की धोका झपाट्याने वाढतो. याचा व्यवहारातला अर्थ खाणमालक आणि संघटना दोघांनाही कळण्यासारखा होता. कामगाराची फिल्म वर्ग दोनपर्यंत पोहोचू द्यायची नाही, त्याआधीच त्याला कमी धुळीच्या जागी हलवायचे. त्यासाठी त्याला खाणीतून हाकलायची गरज नव्हती. पहिल्या वर्गाचे ठिपके दिसले म्हणून माणसाला घरी बसवणे हे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे होते, हे या मोजणीने सिद्ध झाले.

या काळात त्यांच्या स्वतःच्या शरीरावरही निदानाची परीक्षा झाली. १९५६ मध्ये काखेची शस्त्रक्रिया झाली. सर्जनला काख कर्करोगाने भरलेली दिसली; त्याने छातीचा एक स्नायू काढून टाकला आणि आयुष्य थोडेच उरल्याचे सांगितले. कॉक्रेन यांनी मनाची तयारी केली. मग काढलेल्या भागाचा सूक्ष्मदर्शकाखालचा अहवाल आला. कर्करोग नव्हता. सर्जनने अहवालाची वाट न पाहता डोळ्यांवर विश्वास ठेवला होता. त्यानंतर ते आणखी बत्तीस वर्षे जगले.

ऱ्होंडाच्या अभ्यासातला सर्वांत अवघड भाग दमाबाबतचा आहे, आणि तिथे कॉक्रेन यांची बाजू पूर्ण बरोबर होती असे म्हणता येत नाही. साध्या न्यूमोकोनिओसिसचा वर्ग आणि माणसाला लागणारा दम यांचा मेळ बसत नाही, असे त्यांच्या मोजणीत आले. मोठे गोळे असलेल्यांना दम लागे आणि त्यांचे मृत्यूही अधिक होत. पण ठिपक्यांचा वर्ग एक असो वा दोन, श्वासाच्या क्षमतेत फारसा फरक दिसत नव्हता. दुसरीकडे, फिल्म स्वच्छ असूनही धापा टाकणारे कामगार दरीत पुष्कळ होते. त्यांचा दम धुळीचा नाही, तंबाखूचा आणि खराब हवेचा, असा अर्थ भरपाई देणाऱ्या यंत्रणेने काढला. कामगारांना हे कधीच पटले नाही.

ज्यांचे क्षयाचे गृहीतक मागे पडले, त्याच जेथ्रो गॉफ यांच्याकडे या कोड्याचा दुसरा अर्धा भाग होता. वेंटवर्थ या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९४९ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. मृत खाणकामगाराचे फुप्फुस फुगवून, जिलेटिनमध्ये घट्ट करून, त्याचे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ काप काढायचे आणि कागदावर चिकटवायचे. संपूर्ण फुप्फुसाचे चित्र, वहीच्या पानासारखे हातात धरता येणारे. त्या कापांत काळ्या डागांभोवती हवेच्या पोकळ्या दिसत, म्हणजे वायुकोशांच्या भिंती फाटून झालेला एम्फिसीमा. एक्स-रेवर या पोकळ्या नीट दिसत नाहीत. फिल्म स्वच्छ आणि फुप्फुस मात्र जाळीसारखे, हे गॉफ यांच्या कागदांवर उघड होते. अडचण एवढीच की ते पाहण्यासाठी माणूस आधी मरावा लागे.

कॉक्रेन १९६० मध्ये कार्डिफला छातीच्या रोगांचे प्राध्यापक झाले आणि नंतर तिथल्या साथरोगशास्त्र केंद्राचे संचालक. त्यांच्या कुटुंबात पॉर्फिरिया हा आनुवंशिक आजार होता. तो शोधण्यासाठी दूरदूरच्या नातेवाइकांकडून तपासणीचे नमुने मागवण्यातही त्यांनी तोच चिवटपणा दाखवला. १९७२ मध्ये आलेल्या त्यांच्या छोट्याशा पुस्तकाने ब्रिटिश आरोग्यसेवेला हलवून सोडले. उपचार असो वा तपासणी, तिचा उपयोग होतो का हे यदृच्छ चाचणीने सिद्ध करा आणि मगच तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला होता. काही वर्षांत ते यंत्र छातीपर्यंत पोहोचले आणि ऐंशीच्या दशकात जास्त तपशील दाखवणारा, एक-दीड मिलिमीटर जाडीचे काप घेणारा स्कॅन आला. गॉफ यांचे कागदावरचे काप आता जिवंत माणसात दिसू लागले.

फरक कुठे पडतो, ते थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. एक्स-रे ही सावली असते. पुढच्या बरगडीपासून पाठीपर्यंतचे सगळे एकावर एक पडते, त्यात दोन मिलिमीटरचा ठिपका रक्तवाहिनीच्या छेदासारखा दिसू शकतो आणि थोडे ठिपके असतील तर हरवूनही जातो. सीटीत प्रत्येक काप स्वतंत्र असतो. ठिपका सूक्ष्म श्वासनलिकेभोवती आहे की फुप्फुसाच्या आवरणाला लागून, वरच्या आणि मागच्या भागात जास्त आहे का, दोन ठिपके जुळायला लागले आहेत का, छातीच्या मध्यभागच्या लसिका गाठींना अंड्याच्या टरफलासारखे चुन्याचे कवच आले आहे का, हे पाहता येते. फुप्फुसातल्या पोकळ्या तर मोजताही येतात. ॲस्बेस्टॉसच्या कामगाराला पालथे झोपवूनही काप घेतात, कारण उताणे झोपल्यावर पाठीकडचा भाग स्वतःच्या वजनाने दाटतो आणि तो आजारासारखा दिसतो. खाणकामगारांच्या एम्फिसीमाला आणि जुनाट ब्राँकायटिसला ब्रिटनने व्यवसायजन्य आजार मानले ते १९९३ मध्ये. तोवर ऱ्होंडातले बरेच जण गेलेले होते.

तरी सीटीने वाद संपला असे नाही. साध्या एक्स-रेत किरणोत्सर्गाची मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट असते, कमी मात्रेच्या सीटीतही ती दीडच्या आसपास जाते. हजारो निरोगी कामगारांचा दर काही वर्षांनी सीटी काढायचा का, हा खर्चाचा आणि किरणांचा प्रश्न आहे. शिवाय इतक्या बारीक तपशिलात काहीतरी सापडतेच. ज्या ठिपक्याने श्वासावर परिणाम होत नाही आणि जो पुढे वाढणार की नाही हे माहीत नाही, तो सापडल्यावर कामगाराला काय सांगायचे? ऱ्होंडातल्या पहिल्या वर्गाच्या माणसासमोर उभा राहिलेलाच हा पेच आहे, फक्त चित्र अधिक स्पष्ट झाले आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात याची दोन्ही टोके पाहायला मिळाली. तिथे कोळसा कामगारांचा काळ्या फुप्फुसाचा आजार नाहीसा झाल्याचे अनेक वर्षे मानले जात होते. २०१५ मध्ये रुग्ण पुन्हा सापडू लागले. दुसऱ्या वर्षी तज्ज्ञांनी आधी ठीक ठरवलेल्या फिल्म पुन्हा वाचल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकांवर ठिपके आढळले. एक्स-रे नियमाने काढले जात होते. ते आंतरराष्ट्रीय नमुन्यांशी ताडून वाचलेच जात नव्हते. पुढे स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड कापणारे तरुण कामगार तपासले गेले. त्या दगडात सिलिकाचे प्रमाण फार असते. त्यांतल्या बऱ्याच जणांचा एक्स-रे स्वच्छ होता आणि सीटीत मात्र सिलिकोसिस होता. एकीकडे चूक वाचणाऱ्यांची होती, दुसरीकडे साधनच कमी पडले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली.

आपल्याकडे चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणींना लागू असलेल्या नियमांत ठरावीक मुदतीने छातीचा एक्स-रे आहे. दगडखाणी, खडी केंद्रे आणि वाळू वापरणाऱ्या कारखान्यांत कंत्राटी मजुराची अशी नोंदच नसते. तो खोकला घेऊन सरकारी दवाखान्यात येतो, एक्स-रेवर वरच्या भागात छाया दिसते आणि क्षयाची औषधे सुरू होतात. सिलिकाने खराब झालेल्या फुप्फुसात क्षय होण्याचा धोका खरोखरच जास्त असतो, म्हणून ही शंका घेणे बरोबरच. पण बेडका तपासून जंतू शोधल्याशिवाय केवळ छायेवरून क्षय म्हणणे, आणि हा माणूस काम काय करतो हे न विचारणे, यात सिलिकोसिसचे निदान राहून जाते. सोबत भरपाईचा हक्कही जातो. सीटी इथे मदत करतो, मात्र धूळ आणि क्षय यांच्या गाठी त्यातही कधी कधी सारख्या दिसतात. कामाचा इतिहास दोन मिनिटांत विचारून होतो आणि त्याला यंत्र लागत नाही.

कॉक्रेन निवृत्तीनंतरही ऱ्होंडाच्या माणसांना विसरले नाहीत. १९५० मध्ये एक्स-रे काढलेल्यांपैकी कोण जिवंत आहे, कोण कशाने गेला, याचा माग त्यांनी वीस वर्षांनी आणि पुन्हा तीस वर्षांनी घेतला. मूळ यादीतला जवळजवळ कोणीही निसटू दिला नाही. १८ जून १९८८ रोजी डॉर्सेटमधील होल्ट येथे त्यांचे निधन झाले. डिसेंबर १९९० मध्ये मार्डीची खाण बंद पडली. ऱ्होंडातली ती शेवटची. १९९३ मध्ये ऑक्सफर्डला त्यांच्या नावाची संस्था सुरू झाली.

धुळीच्या आजाराचा सीटी कसा वाचावा, यासाठीही आता आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही नमुना चित्रे आहेत आणि वाचणाऱ्याने समोरचा काप त्यांच्याशेजारी ठेवून दाटीचा आकडा द्यायचा आहे.